देवाला ‘प्रसन्न करणे’ : शब्दाचा अर्थ, मूळ आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘प्रसन्न’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

गाळ तळाशी बसून निवळलेलं. संस्कृतात हे विशेषण पाण्याला सर्रास लागतं. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात, दुसऱ्या सर्गात, वाल्मीकी तमसा नदीवर स्नानाला जातात आणि शिष्याला म्हणतात: ‘अकर्दममिदं तीर्थं भरद्वाज निशामय । रमणीयं प्रसन्नाम्बु सन्मनुष्यमनो यथा ॥’ या घाटावर चिखल नाही, पाणी ‘प्रसन्न’ आहे, सज्जनाच्या मनासारखं. शब्दाचे दोन्ही अर्थ, पाण्याचा आणि मनाचा, या एका ओळीत शेजारी शेजारी आहेत.

धातू ‘सद्’, म्हणजे बसणे. वर्तमानकाळात त्याचं ‘सीदति’ होतं. ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रसीदति’: नीट खाली बसतं, स्थिरावतं, निवळतं. मराठीत ‘निवळणे’ हे क्रियापद नेमकं हेच काम करतं. पाणी निवळतं, आभाळ निवळतं, वातावरण निवळतं आणि भांडणानंतर माणूसही निवळतो. ‘प्रसन्न’चा मराठी प्रतिशब्द एका शब्दात सांगायचा तर ‘खूश’पेक्षा ‘निवळलेला’ हा जास्त जवळचा.

‘सद्’चं ‘सन्न’ कसं झालं? त्यात दोन ‘न’ कुठून आले?

भूतकाळवाचक ‘त’ प्रत्यय लागला की ‘सद् + त’ असं होतं. पाणिनीचा नियम (8.2.42) असा की र् किंवा द् च्या पुढे आलेल्या या ‘त’चा ‘न’ होतो आणि आधीचा द् असेल तर त्याचाही न् होतो. म्हणून सन्न. छिद्-छिन्न, भिद्-भिन्न, खिद्-खिन्न ही याच साच्यातली भावंडं. ‘प्रसन्न’ आणि ‘खिन्न’ अर्थाने विरुद्ध असले तरी एकाच नियमाने घडले आहेत.

या धातूचे आणखी कोणते शब्द आपण रोज वापरतो?

सदन, सभासद, संसद, परिषद, उपनिषद, आसन्न, विषाद. सगळ्यांत ‘बसणं’ आहे. विषादात मन खचून बसतं, प्रसादात निवळून बसतं. फरक फक्त उपसर्गाचा. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग आणि अठराव्या अध्यायात (18.73) अर्जुनाचं शेवटचं उत्तर ‘त्वत्प्रसादात्’, तुझ्या प्रसादाने. अर्जुन सुरुवातीला आणि शेवटी एकाच धातूवर उभा आहे.

मग ‘देवाला प्रसन्न करणे’ हा अर्थ कसा आला?

राग म्हणजे गढूळपणा, अशी कल्पना मागे आहे. गढूळ पाण्यात काही घालून ते आणखी भरत नाहीत, ढवळणं थांबवून त्याला स्थिर होऊ देतात. ‘प्रसीदति’चं प्रयोजक रूप ‘प्रसादयति’, निवळायला लावतो. त्यावरून ‘प्रसादन’ हे नाम. रागावलेल्याला शांत करणं, मग तो देव असो, राजा असो, गुरू असो की रुसलेली प्रिया, या सगळ्याला संस्कृतात हाच शब्द चालतो.

गीतेच्या अकराव्या अध्यायात त्याचा वापर अगदी जवळून पाहता येतो. विश्वरूप पाहून घाबरलेला अर्जुन 25, 31 आणि 45 या श्लोकांत ‘प्रसीद’ म्हणतो. 41 मध्ये आपली चूक सांगतो: मित्र समजून ‘हे कृष्ण, हे यादव’ अशी हाक मारत राहिलो. मग 44 मध्ये ‘तस्मात्प्रणम्य प्रणिधाय कायं प्रसादये त्वाम्’, अंग जमिनीला टेकवून मी तुला प्रसन्न करतो. इथे अर्पण केलेली वस्तू एकही नाही. नमस्कार, कबुली आणि क्षमेची विनंती, एवढ्यात ‘प्रसादन’ पुरं होतं. पुढच्याच चरणात बाप मुलाचं, मित्र मित्राचं सहन करतो तसं कर, असं म्हटलंय. म्हणजे शब्द घरगुतीच आहे.

म्हणजे देवाला प्रसन्न करणं ही लाच नव्हे?

आचरणात कोण काय करतो हा भाग वेगळा. शब्दात मात्र लाच नाही. देवाणघेवाणीसाठी भाषेने वेगळे शब्द ठेवले आहेत: नवस, बळी. ते पुढे येतातच. ‘प्रसन्न’ शब्दात फक्त समोरच्याची अवस्था बदलते.

मनुस्मृतीतला एक श्लोक (6.67) इथे फार उपयोगी आहे: ‘फलं कतकवृक्षस्य यद्यप्यम्बुप्रसादकम् । न नामग्रहणादेव तस्य वारि प्रसीदति ॥’ कतक म्हणजे आपली निवळी. तिची बी ‘अम्बुप्रसादक’ आहे, पाणी प्रसन्न करणारी. पण नुसतं नाव घेऊन पाणी ‘प्रसीदति’ होत नाही, बी उगाळावी लागते. श्लोक आश्रमधर्माबद्दल आहे. नुसती बाह्य चिन्हं धारण करून धर्म होत नाही, असं सांगण्यासाठी हा दाखला दिलाय. शब्दाच्या अभ्यासकाला मात्र त्यात आयती प्रयोगशाळा मिळते.

निवळीने पाणी खरंच ‘प्रसन्न’ होतं का?

होतं. वाळलेली बी थोड्या पाण्यासोबत खरखरीत दगडावर किंवा मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळतात, तो लगदा पाण्यात ढवळतात आणि भांडं न हलवता ठेवून देतात. बियांमधली प्रथिनं आणि चिकट शर्करा मातीच्या बारीक कणांना एकमेकांना चिकटवतात, कण जड होऊन तळाशी बसतात. मग वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. भांडं हललं की गाळ पुन्हा वर येतो आणि सगळी मेहनत फुकट. आणखी एक गोष्ट: पाणी नितळ दिसलं म्हणजे जंतुरहित झालं असं नाही, पिण्याआधी ते उकळावंच लागतं.

‘प्रसाद’ हा खाण्याचा पदार्थ कसा झाला?

आधी प्रसाद म्हणजे निवळलेपण, मग निवळलेल्याची कृपा, मग कृपेची हातात मिळणारी खूण. गीतेत (2.64-65) प्रसाद ही चित्ताची अवस्था आहे: प्रसाद लाभला की सगळी दुःखं सरतात आणि प्रसन्नचित्त माणसाची बुद्धी लवकर स्थिर होते. तिथे शिरा किंवा पेढा अभिप्रेत नाही.

काव्यशास्त्रातही माधुर्य आणि ओज यांच्या जोडीला ‘प्रसाद’ हा गुण आहे. वाचताक्षणी अर्थ आरपार दिसतो तो प्रसादगुण. पुन्हा नितळ पाणीच.

नैवेद्य आणि प्रसाद यांत फरक काय?

दिशेचा. आपल्याकडून देवाकडे जातो तो नैवेद्य, देवाकडून परत येतो तो प्रसाद. ताट तेच. म्हणून ‘देवाला प्रसाद दाखवला’ हे वाक्य चुकीचं आणि ‘नैवेद्य वाटला’ हेही. नैवेद्य दाखवतात, प्रसाद वाटतात.

‘नैवेद्य’ची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. नि + विद्, प्रयोजक ‘निवेदयति’ म्हणजे कळवतो, सादर करतो. त्यावरून निवेद्य, त्यावरून नैवेद्य. कार्यालयात देतात ते ‘निवेदन’ आणि देवापुढे ठेवतात तो नैवेद्य एकाच घरातले.

नैवेद्य दाखवण्याची रीत काय? कुठे चुकतं?

देवापुढे पाण्याने लहानसं चौकोनी मंडल काढायचं, त्यावर पान किंवा ताट ठेवायचं, पदार्थांवर तुळशीचं पान ठेवायचं (गणपतीला एरवी तुळस नको, दूर्वा). ताटाभोवती पाणी फिरवायचं. मग प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा असं सहा वेळा म्हणत देवाकडे घास नेल्यासारखा हात करायचा. मध्ये ‘पानीयं समर्पयामि’ म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं, पुन्हा तेच सहा. शेवटी उत्तरापोशन (जेवण संपल्यावर प्यायचं पाणी), हात धुणं, तोंड धुणं यांसाठी पाणी, करोद्वर्तनाला (हातांना चोळायला) गंध आणि मग विडा. घराघरांत थोडा फरक असतो, पण पाहुण्याला जेवू घालतानाचा क्रम म्हणून पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

चुका ठरलेल्या. शरीरातल्या पाच प्राणवायूंचा क्रम उलटसुलट होतो. ‘प्राण-अपान-व्यान-उदान-समान’ असा एका दमात पाठ करावा. ‘स्वाहा’च्या आधी येणारा शब्द चतुर्थीत हवा: ‘प्राण स्वाहा’ नव्हे, ‘प्राणाय’. आणि मधलं पाणी विसरलं जातं.

‘पसायदान’मधला ‘पसाय’ म्हणजे ओंजळ ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलाय. ओंजळीशी संबंधित शब्द ‘पसा’, तो संस्कृत ‘प्रसृत’पासून आला: पसरलेला, खोलगट केलेला हात आणि त्यात मावेल तेवढं धान्य. ‘पसाय’ आला ‘प्रसाद’पासून. प्राकृतात प्र-चा प झाला, दोन स्वरांमधला द गळाला, ‘पसाअ’ उरला आणि पोकळी भरायला य किंवा व आला. ‘पाद’चं नेमकं हेच झालं: चालायचा तो पाय आणि चौथा हिस्सा तो पाव. तसे पसाय आणि पसाव.

पुरावा ज्ञानेश्वरीतच आहे. शके 1212 म्हणजे 1290 सालच्या या ग्रंथात शेवटी ज्ञानेश्वर ‘पसायदान’ मागतात आणि विश्वेशराव उत्तर देतात, ‘हा होईल दानपसावो’. पसाव म्हणजे ओंजळ असती तर हे उत्तर लागलंच नसतं.

पहिल्या ओवीतला क्रमही पाहा: विश्वात्मक देवाने या वाग्यज्ञाने ‘तोषावें’, ‘तोषोनि’ मला पसायदान द्यावं. आधी संतोष, मग प्रसाद. अर्पण काय, तर वाणी.

प्रसाद, प्रासाद, प्रासादिक: कोणता शब्द कुठे?

प्रासाद म्हणजे राजवाडा किंवा देऊळ. धातू तोच, उपसर्गाचा स्वर दीर्घ झालाय, पाणिनीने त्यासाठी सूत्र दिलंय (6.3.122). प्रासादिक मात्र प्रासादावरून नाही, प्रसादावरून. ‘इक’ लागला की पहिला स्वर दीर्घ होतो, जसं समाज-सामाजिक. म्हणून ‘प्रासादिक वाणी’ म्हणजे प्रसादगुण असलेली वाणी, राजवाड्यातली नव्हे. ‘महाप्रासादाचा लाभ घ्यावा’ असे फलक दर उत्सवात दिसतात. शब्दशः घेतलं तर मोठा वाडा नावावर करून मिळणार.

आराधना, तोषवणे, शांती: हे सगळे ‘प्रसन्न करणे’चेच समानार्थी का?

शेजारी आहेत, एक नाहीत.

‘आराधना’मधला धातू राध्: सिद्धीस नेणं, साधणं. ‘अपराध’ त्याच धातूचा: नेम चुकणं. अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हणजे ज्याचा बाण लक्ष्यावरून घसरला तो धनुर्धर. म्हणजे आराधना ही नेम धरून सातत्याने केलेली सेवा. ती करायला देव रागावलेला असण्याची गरज नाही. तुळजाभवानीच्या भक्तपरंपरेतले ‘आराधी’ हे नाव यातूनच.

‘तोष’ (तुष्) म्हणजे समाधान, पुरेसं वाटणं. लवकर पुरेसं वाटतं म्हणून शंकर ‘आशुतोष’.

‘शांती’ (शम्) म्हणजे उग्रपणा थांबवणं. ग्रहशांती, वास्तुशांती इथे समोर प्रेमळ देवतेपेक्षा त्रास देऊ शकणारी शक्ती आहे. वैदिक यज्ञात पशू मारणाऱ्याला ‘शमितृ’ म्हणत, ‘शांत करणारा’. शब्द किती सौम्य होऊ शकतो याचा हा नमुना.

संकल्पाच्या शेवटी ‘प्रीयताम्’ म्हणतात, ते बरोबर कसं म्हणायचं?

री दीर्घ. ‘प्री’ धातूचं आज्ञार्थी रूप आहे: ‘संतुष्ट होवो’. ‘प्रियताम्’ असं ऱ्हस्व म्हटलं तर ते ‘प्रियता’ या नामाचं द्वितीयेचं रूप होतं आणि वाक्यात क्रियापदच उरत नाही.

संख्या सांभाळायची. एक देवता: ‘श्रीमहागणपतिः प्रीयताम्’. दोन: ‘श्रीलक्ष्मीनारायणौ प्रीयेताम्’. अनेक: ‘देवताः प्रीयन्ताम्’. त्यापुढे ‘न मम’, हे माझं नाही, आणि हातावरून पळीभर पाणी ताम्हनात. पाणी सोडलं की वस्तूवरचा हक्क सुटला. मराठीतला ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार याच कृतीतून आलेला.

स्त्रीदेवता असेल तर विशेषणंही बदलतात: ‘सुप्रीतो वरदो भव’ हे देवाला, ‘सुप्रीता वरदा भव’ हे देवीला. पोथीतला पुल्लिंगी पाठ देवीपुढे तसाच वाचला जातो, ही सर्रास दिसणारी चूक.

रागावलेल्या देवाला उद्देशून सर्वांत प्रसिद्ध प्रार्थना कोणती?

रुद्र. तैत्तिरीय संहितेत (4.5) त्याची सुरुवातच ‘नमस्ते रुद्र मन्यवे’ अशी आहे: रुद्रा, तुझ्या क्रोधाला नमस्कार. लगेच बाणाला, धनुष्याला, बाहूंना नमस्कार. देवाच्या आधी देवाच्या रागाला हात जोडायचे, मग तो बाण ‘शिवतम’ होवो असं मागायचं. ‘शिव’ म्हणजे मंगल, हे विशेषण भयंकराला लावून लावून नाव झालं.

हिशेब 11 चा. नमकाचं (म्हणजे ‘नमः’ म्हणणाऱ्या याच भागाचं) एकेक आवर्तन झालं की चमकाचा (‘च मे’ असं मागणाऱ्या भागाचा) एकेक अनुवाक, म्हणजे परिच्छेद, अशी 11 आवर्तनं म्हणजे एकादशनी. 11 एकादशन्या म्हणजे लघुरुद्र, 121 आवर्तनं. महारुद्र 1331, अतिरुद्र 14641. लघुरुद्र 11 ब्राह्मण एकत्र बसून करतात ते त्यामुळे: प्रत्येकाची 11 आवर्तनं झाली की संख्या पुरी.

‘नवस’ कुठून आला, आणि ‘नवसाला पावणे’ म्हणजे काय?

‘नवस’ हा ‘नमस्’च्या कुळातला मानला जातो. दोन स्वरांमधल्या म-चा व मराठीत नेहमी होतो: ग्राम-गाव, नाम-नाव. नऊ या संख्येशी त्याचा संबंध नाही. संस्कृतात नवसाला ‘उपयाचित’ म्हणतात आणि त्यात याचना उघड आहे.

‘पावणे’ आलं प्र + आप् पासून: पोचणे. जुन्या मराठीत माणूस गावी ‘पावतो’. म्हणजे मराठी देव प्रसन्न होतो तेव्हा तो निवळत नाही, येऊन पोचतो. संस्कृतमध्ये देवाची मनःस्थिती, मराठीत देवाची उपस्थिती. आमच्या मते ‘देव पावला’ हा या सगळ्या शब्दसंग्रहातला सर्वांत अस्सल मराठी प्रयोग.

नवस ‘बोलतात’ आणि ‘फेडतात’. कर्ज फेडतात, पांग फेडतात, नेसलेलं वस्त्र फेडतात. सगळीकडे बांधलेलं सोडवणं आहे. म्हणून नवस बोलताना काय, किती आणि केव्हा हे तीनही स्पष्ट बोलायची रीत आहे. ‘काहीतरी देईन’ असा नवस फेडताना गाठच सापडत नाही, घरात वाद होतो आणि वर्षं लोटतात. पूर्वअट नसलेल्या विनवणीला नवस म्हणू नये. ते ‘साकडं घालणं’. साकडं म्हणजे संकट, तेच देवापुढे नेऊन ठेवायचं.

कोकणातला ‘कौल’ हाही देवाला प्रसन्न करण्याचा प्रकार आहे का?

नाही, तो विचारण्याचा. ‘कौल’ शब्द अरबी, अर्थ वचन, बोल; मराठी राज्यकारभारात कौलनामा होता, तोच देवळात गेला. देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतात आणि कोणत्या बाजूचा आधी पडतो ते पाहतात. साधारणपणे उजवा म्हणजे होकार. प्रश्न हो-नाहीतच उत्तर येईल असा हवा. ‘घर बांधू की शेत घेऊ’ या प्रश्नाला पाकळी काय सांगणार! आणि पाकळी नीट ओली नसेल तर ती सुकून लगेच पडते, म्हणून लावणारा हात सरावाचा लागतो.

त्याआधीचं ‘गाऱ्हाणं’ हे मात्र प्रसादनाच्या जवळ जातं. एकजण देवाला तक्रारी, मागण्या मोठ्याने सांगतो आणि जमलेले दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. क्षमा त्यात असतेच: चुकलं माकलं असेल तर पदरात घे.

‘बळी’ म्हणजे प्राणीच का?

मुळीच नाही. ‘बलि’ म्हणजे वाटा, कर, भाग. रघुवंशात (1.18) दिलीप राजा प्रजेकडून ‘बलि’ घेतो, तो कर. वैश्वदेवातलं बलिहरण म्हणजे शिजलेल्या अन्नाचे लहान भाग ठेवणं. श्राद्धातला काकबळी म्हणजे कावळ्याचा घास. शांतिकर्माच्या शेवटी उडीद, दहीभात आणि दिवा ठेवून देतात तोही बळी. कोहळा कापणं हा प्राण्याऐवजीचा पर्याय.

लग्नपत्रिकेवर ‘श्री गजानन प्रसन्न’ लिहितात, ते वाक्य पूर्ण आहे का?

‘असो’ अध्याहृत आहे: गजानन प्रसन्न असो. मराठीत हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ‘श्री महालक्ष्मी प्रसन्न’ बरोबर. ‘प्रसन्ना’ संस्कृत वाक्यात. ‘॥ श्री कुलदेवता प्रसन्नो ॥’ मात्र कोणत्याच भाषेत बसत नाही.

‘पाठीत प्रसाद मिळाला’ हे कुठून आलं?

उपरोधातून. मागितला नसताना वरून येतो आणि नाकारता येत नाही, एवढंच साम्य.